सान्तियागोचा घोडा

नवरा गेल्यापासून, संत सान्तियागोच्या नाचातल्या त्याच्या घोड्याला मक्याचे दाणे आणि पाणी मीच घालते. कमरेला बांधून नाचायचा लाकडी घोडा तो, पण उपाशी ठेवला तर रुसून निघून जातो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

सणाच्या सकाळी मी तो कमरेला बांधून देवळासमोर उभी राहिले. नाचाचा म्होरक्या फाउस्तिनो ओरडला, "वहिनी, सोडा तो! बायकांचं काम नाही हे. माझा पुतण्या नाचेल."

"घोडा ओळखत नाही त्याला."

"लाकूड आहे ते! त्याला काय कळतंय?"

बासरी थांबली. सगळे फाउस्तिनोच्या कमरेकडे बघायला लागले. तिथे त्याचा स्वतःचा घोडा होता.

"भावजी, हळू बोला," मी म्हणाले. "तुमचाही ऐकतोय."

फाउस्तिनोने झटकन आपल्या घोड्याचे कान झाकले. मी नाचायला लागले.