हात वाळेपर्यंत

आत्याच्या आतड्याला पीळ पडला होता. आपल्या माणसावर सुरी चालवायला कुणाचं मन धजतं? पण टेकडीवरच्या दवाखान्यातले दुसरे सर्जन कंपालाला गेलेले, आणि थांबलं तर आतडं काळं पडणार. तेव्हा डॉक्टर नाब्बोसालाच उभं राहणं भाग होतं.

तिने कोरड्या हातांवर स्पिरिटचं औषध घेतलं, बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत चोळलं, पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. आता हात छातीसमोर उभे धरून ते आपोआप वाळू द्यायचे. पुसायचे नाहीत, कशाला शिवायचं नाही. हिरव्या पडद्यातून ऊन झिरपत होतं आणि खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी वाटत होती.

"पाणी कुठंय?" टेबलावरून आत्या म्हणाली. "जेवताना दोन-दोनदा हात धुवायला लावायचे मी तुला. आणि माझ्या पोटात असेच घालणार?"

"साबणाने आधीच धुतलेत, आत्या. वर हे. नळाच्या गढूळ पाण्यापेक्षा हे जंतू लवकर मारतं."

"वास तर दारूचा येतोय. तुझा आजा असाच यायचा घरी. जंतूच काय, बायकोसुद्धा जवळ फिरकायची नाही!"

भूल देणारा सेम्वांगा मास्कच्या आड खुदकन हसला. आत्या नाही हसली. तिने हात पुढे केला.

"धर गं जरा. भीती वाटतेय मला."

आत्याला भीती वाटते हे नाब्बोसाने जन्मात ऐकलं नव्हतं. तिचे हात पुढे जाता जाता थांबले. एकदा शिवलं की पहिल्यापासून सगळं, आणि तेवढा वेळ आतड्याकडे नव्हता.

"नाही धरता येत, आत्या."

आत्याने हात मागे घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग, ओले हात तसेच वर धरून, नाब्बोसा फरशीवर गुडघे टेकून बसली. थोरामोठ्यांपुढे असं बसायला तिला आत्यानेच शिकवलं होतं.

"दिवस कसा गेला, आत्या?"

"वेडी की काय! डॉक्टरीण ना तू? ऊठ!" पण विचारपूस अनुत्तरित ठेवणं आत्याच्या रक्तात नव्हतं. "बरा गेला. तुझा?"

"बरा गेला."

"हं."

"हं."

त्यांच्याकडची भेट शब्दांवर संपत नाही. हुंकाराला हुंकार, दुसरा पहिल्याहून हळू, तिसरा त्याहून हळू. सेम्वांगाने सुईतून औषध सोडलं. आत्याचा चेहरा सैलावला, डोळे मिटत आले.

"हं," नाब्बोसा पुन्हा म्हणाली.

"हं..." कुठून तरी लांबून आलं.

आता शेवटचा हुंकार नाब्बोसाचा होता. तो ओठांपर्यंत आला, पण तिने गिळला. भेट अर्धी टाकून जाणारी बाई नव्हे आत्या, तिने स्वतःला बजावलं. हात कोरडे झाले होते. ती उठली.