काठावरचा माणूस

एतेरीने डावा हात डोक्यावर ताणला, उजवा अंगाशी चिकटवला आणि श्वास सोडून रांजणाच्या तोंडातून स्वतःला आत लोटलं. खांदे अडले, मग सुटले. पाय शिडीला लागताच तिने गायला सुरुवात केली. गाणं कसलं, शेजारच्या ओतियाच्या गाढवाने कोबीचा वाफा फस्त केला, त्याची हकिकत तिने चालीवर बसवली होती. आत काय म्हणायचं याला नियम नव्हता. गाणं म्हणा, पाढे म्हणा, शेजाऱ्यांना शिव्या घाला. गप्प बसायचं नाही, एवढंच.

रांजण दोन पुरुष खोल होता आणि मरानीच्या, म्हणजे घरच्या दारूघराच्या, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला. असे चौदा रांजण त्या दगडी दारूघरात ओळीने होते. त्यातला सर्वात जुना कोणी पुरला हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी शेतीच्या काळात ते जप्त होऊ नयेत म्हणून आजोबांनी त्यांच्यावर माती आणि मका पसरून ते झाकले होते. परवापासून द्राक्षं उतरायची होती. त्याआधी प्रत्येक रांजण आत उतरून, चेरीच्या सालीच्या कुंच्याने घासून धुवायलाच हवा, नाहीतर वर्षाची वाइन नासायची.

भीती होती ती तळाशी दबलेल्या वायूची. मेणबत्ती दोरीने खाली सोडून पाहायची, ती जळत राहिली तरच उतरायचं. पण मेणबत्तीही दगा देते. गाळ ढवळला की त्याच्याखालचा वायू एकदम वर येतो, त्याला ना वास ना रंग. म्हणून उतरणाऱ्याच्या काखेतून दोर बांधायचा, तो तुळईवरच्या कप्पीतून घ्यायचा आणि दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. आतून आवाज येतोय तोवर ठीक. थांबला की विचारायचं नाही, हाक मारायची नाही, ओढायचं. काठावरचा माणूस घरचाच हवा, आणि त्याने काही झालं तरी जागा सोडायची नाही.

अठ्ठेचाळीस वर्षं आत एतेरीचे वडील, शाल्वा, उतरत होते आणि काठावर आई, नुनू, बसत होती. शाल्वा बोलायला कंजूष. पण रांजणात उतरला की सगळ्या गावाची उणीदुणी काढायचा, आणि वरून नुनू त्याला उत्तरं द्यायची. शाल्वा बायकोशी मोकळेपणाने बोलतो ते वर्षातून एकदा, तेही जमिनीखालून, असं गावात म्हणत. फेब्रुवारीत नुनू गेली. त्यात शाल्वाच्या गुडघ्याने शिडीला नकार दिला. एतेरीचा भाऊ वाझा राजधानीत, तिबिलिसीला, राहून इतका सुटला होता की त्याची एक मांडीही रांजणात गेली नसती. म्हणून या वर्षी आत एतेरी आणि काठावर शाल्वा.

काठावर तो याआधी एकदाच बसला होता. तेव्हा आत त्याचा धाकटा भाऊ गुराम होता, बावीस वर्षांचा. शाल्वाला तहान लागली, तो झऱ्यावर पाणी प्यायला गेला आणि आला तेव्हा रांजणात सामसूम होती. घरात हा विषय कोणी काढत नसे. गावाने मात्र त्याची म्हण करून टाकली. पोरं काम सोडून हुंदडायला लागली की आया म्हणत, ‘शाल्वासारखा पाण्याला जाऊ नकोस.’ त्याच्यासमोरही जीभ घसरे कधीकधी. तो ऐकून घेई आणि पुढे चालू लागे.

गाढवाने कोबी संपवून काकडीकडे मोर्चा वळवला तशी एतेरी तळाशी पोचली. कुंचा उचलून तिने भिंत घासायला घेतली. वर पाहिलं तर थाळीएवढा उजेड आणि त्याच्या कडेला बापाचं डोकं. गळा चालू होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता, कारण काल जेवताना वाझा जे बोलला ते डोक्यातून जात नव्हतं.

वाझाचं म्हणणं सरळ होतं. शहरातली एक कंपनी मरानी चालवायला घ्यायला तयार आहे. ते यंत्राने रांजण धुतील, पाहुण्यांना दाखवतील, दारावर घराण्याचं नाव ठेवतील. नाहीतरी बाबांना आता ऐकू येत नाही. आठवडाभर तो पाहत होता. फाटक वाजलं तरी मान वळत नाही. मीठ मागितलं तर पाव देतात. अशा माणसाच्या हातात बहिणीचा जीव देणं हा शुद्ध वेडेपणा होता. एतेरीने आधी उडवून लावलं. आई गेल्यापासून ते असेच आहेत, कान ठीक आहेत, म्हणाली. पण तिलाही फाटकाचं आठवत होतं.

“उद्या आत थोडा वेळ गप्प बस,” वाझा म्हणाला होता. “ओढलं त्यांनी, तर मी परत कंपनीचं नाव काढणार नाही. नाही ओढलं, तर तू आडवी येणार नाहीस. कबूल?”

ती कबूल म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती.

नवरा सोडून माघारी आल्यापासून अकरा वर्षं तिने या मरानीत काढली होती. कुठला रांजण लवकर उकळतो, कुठल्याला थंडी लागते, हे तिला स्वतःच्या पोराबाळांसारखं ठाऊक होतं. मरानी गेली तर तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही शिकायची इच्छाही नव्हती. तेव्हा ही परीक्षा घ्यायचीच नाही, असं ठरवूनच ती सकाळी उठली होती. दोन रांजण तिने एका श्वासाचीही उसंत न घेता गात धुतले. घसा खरवडून निघाला. पण या तिसऱ्यात उतरल्यावर तिला कळून चुकलं की यापुढे दरवर्षी चौदा वेळा ती हाच प्रश्न घेऊन खाली उतरणार आहे.

काकडीच्या वेलापाशी तिने तोंड मिटलं.

कुंचाही थांबवला. आता आत फक्त भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज. तिने मनात मोजायला सुरुवात केली. पाच. दहा. वरचं डोकं पुढे झुकलं, उजेड अर्धा झाला. ओढतील आता, तिला वाटलं, आणि तिने काखेतला दोर दोन्ही हातांनी धरला. पंधरा. दोर तसाच सैल. डोकं हलेना. वीसवर, हवा चांगली आहे हे माहीत असूनही श्वास अपुरा पडायला लागला. मग दोर थरथरला. ओढ नव्हती ती, नुसता बारीक कंप, वरून खालपर्यंत आलेला. वाऱ्याने असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मरानीत वारा कुठला.

चाळीसपर्यंत मोजून ती शिडीला लागली. एकेका पायरीला तिचा राग वाढत गेला. बापावर, वाझावर, सर्वात जास्त स्वतःवर. बाप बहिरा झालाय आणि आपण डोळ्यांवर कातडं ओढून बसलो. तोंडातून खांदे बाहेर काढताना कोपर खरचटलं तेही तिला कळलं नाही.

“बाबा!” ती त्याच्या कानाशी ओरडली.

“ओरडू नकोस,” शाल्वा हळू म्हणाला. “ऐकू येतंय मला.”

तो बुटक्या स्टुलावर होता तिथेच होता. दोर दोन्ही मुठींत, बोटं पांढरीफटक, आणि हात कोपरापर्यंत थरथरत होते. त्याची नजर अजून रांजणाच्या तोंडावर होती, जणू ती वर आलीच नव्हती.

“काकडीशी गप्प झालीस,” तो म्हणाला.

“मग ओढलं का नाही?”

एतेरीने त्याच्या मुठी उघडायचा प्रयत्न केला, त्या उघडेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. तळहातात दोराचे वळ उमटले होते.

“हात चालेनात,” शाल्वा म्हणाला. “मला वाटलं, या खेपेला चालतील. इतकी वर्षं झाली.”

“या खेपेला म्हणजे?”

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सत्तरीपार झालेला हा माणूस, गावात कोणाला भ्याला नाही. चार माणसं मिळूनही उतरायला धजत नसत अशा वायूत तो जन्मभर एकटा उतरला. सगळे त्याच्या छातीची तारीफ करायचे.

“झऱ्यावर मी गेलो नव्हतो, पोरी,” तो म्हणाला. “इथेच होतो. दोर हातात होता.”

एतेरी त्याच्यासमोर ओल्या जमिनीवर खाली बसली. तिने त्याचे हात आपल्या हातांत घेतले. ते अजून थांबले नव्हते. म्हणजे गावाने जी म्हण केली ती याने स्वतःच गावाच्या हातात दिली होती. पाण्याला गेला म्हणणारं जग परवडलं, असं त्याने बाविशीच्या भावाच्या प्रेतापाशी उभं राहून ठरवलं असणार. आणि तेव्हापासून काठावर बसावं लागू नये म्हणून तो दरवर्षी स्वतः आत उतरत होता.

“आईला माहीत होतं?” तिने विचारलं.

शाल्वाने मान हलवली. होय की नाही ते तिला कळलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

बाहेर अंगणात वाझा चालवत होता त्या पाण्याच्या पंपाचा आवाज थांबला. वाझा हात पुसत दारात आला. बहीण बाहेर आणि दोर जमिनीवर पाहून त्याने काय ते ओळखलं. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

“गप्प झाली होतीस?” त्याने विचारलं.

“हो.”

“आणि?”

एतेरीने बापाकडे पाहिलं. ऐकू येतं म्हणावं, तर मग ओढलं का नाही हा प्रश्न पुढे उभाच. नाही म्हणावं, तर मरानी गेली, आणि आतापर्यंत ताठ मानेने बसलेल्या माणसाला तिने आपल्या तोंडाने म्हातारा ठरवलं. वाझा उत्तराची वाट पाहत होता. पंपाच्या नळीतून उरलेलं पाणी उंबऱ्यावर गळत होतं.

मग शाल्वा उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. खाली पडलेलं दोराचं टोक त्याने उचललं आणि मुलाच्या हातात दिलं.

“ऐकू येत नाही रे मला,” तो म्हणाला. “पार गेले कान. तू म्हणत होतास ते खरं.”

वाझा दोराकडे पाहतच राहिला. असं काही होईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“मी? बाबा, मी संध्याकाळी परत जाणारे. शिवाय कंपनीवाल्यांना मी...”

शाल्वाने तळहात कानामागे धरला. “काय म्हणतोस?”

वाझाने एकदा बहिणीकडे, एकदा बापाकडे पाहिलं. हा अर्धवट धरून अजून बारा रांजण बाकी होते आणि परवा द्राक्षं यायची होती. शेवटी शहरी बूट काढून त्याने बाजूला ठेवले, स्टूल पायाने पुढे ओढलं आणि त्यावर टेकला. स्टूल करकरलं. दोर त्याने मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरला. हा माणूस ओढणार, एतेरीला वाटलं. जरा खोकला आला तरी ओढणार, दहादा उगाच ओढून जीव नकोसा करणार.

“आत गेल्या क्षणापासून बोलायचं,” तो तिला दरडावून म्हणाला. “एक शब्द चुकला तर वर खेचीन.”

“खेच.”

शाल्वा भिंतीशी जाऊन उलट्या टोपलीवर बसला. हात त्याने दोन्ही मांड्यांखाली दाबून ठेवले होते, म्हणजे ते कोणाला दिसू नयेत. एतेरीने दोर पुन्हा काखेतून बांधून घेतला, गाठ तपासली आणि त्याच्यापाशी गेली. तिथून वाझा चार हातांवर होता. त्याला सगळं ऐकू जाईल, हे तिने पाहून घेतलं.

ती वाकली, बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि पार अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

“बाबा, मी उतरते हं आता. उतरू?”

शाल्वाने डोळे मिटून घेतले. “मोठ्याने बोल जरा,” तो म्हणाला.

तिने पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने.