तिसरी पायरी ओलांडून

नऊ वर्षांनी धाकट्या भावाचं पत्र आलं आणि ते निघालं वकिलाची नोटीस. तरी ताईंनी ते तीनदा वाचलं. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना ताई म्हणायचं. ज्याचा त्या हाकेवर खरा हक्क, त्याने मात्र नोटिशीत त्यांना 'सदर जागेच्या मालक' करून टाकलं होतं. खाली त्याची सही होती, वेडीवाकडी. एरवी त्याचं अक्षर मोत्यासारखं, दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा माणूस तो. आता उजवं मनगट मोडलं होतं. ही सही डाव्या हाताने केली होती.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी तो ताईंच्या घरातल्याच बाइंडिंगच्या कारखान्यात मागच्या दाराने यायला निघाला, चौथ्या पायरीची फरशी पायाखालून सरकली आणि तो खाली आपटला. ताई पुढच्या खोलीत कागद कापायच्या मशीनवर होत्या. त्यांना काही ऐकूसुद्धा आलं नाही. संध्याकाळी फरशी तिरकी दिसली तेव्हा त्यांनी भटक्या कुत्र्याला चार शिव्या घातल्या आणि ती पायाने जागेवर सरकवली. फरशी डुगडुगते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गवंड्याला उद्या बोलावू, परवा बोलावू, असं वर्षभर चाललं होतं.

नोटीस घेऊन त्या वकीलसाहेबांकडे गेल्या. साहेबांना चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत बसायची सवय होती, पण कायदा त्यांना कधी शोधावा लागत नसे. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं की असल्या दाव्याला चार पाय असतात. समोरच्याची काळजी घेणं तुमचं कर्तव्य होतं का, त्यात कसूर झाली का, त्या कसुरीमुळेच तो पडला का, आणि त्याचं खरोखर नुकसान झालं का. एक पाय मोडला की दावा बसला. इथे तर दोन मोडता येत होते, म्हणून साहेब भलतेच खूश होते.

पहिला पाय मोडायला ताईंचंच वाक्य कामी येणार होतं. वडील गेल्यावर जागा विकायची की नाही यावरून दोघांचं वाजलं, तेव्हा ताई सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाल्या होत्या, "पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस." मनाई केलेला माणूस येईल असं कुणाला वाटणार, आणि ज्याची अपेक्षाच नाही त्याची काळजी कशी घेणार? दुसरा पाय मोडायचं कारण तर नोटिशीतच लिहिलं होतं: 'तिसरी पायरी ओलांडून चौथीवर पाय ठेवताच'. तिसरी पायरी धडधाकट असताना ती सोडून ढांग टाकायला कुणी सांगितलं होतं? म्हणजे तो पडला तो स्वतःच्याच निष्काळजीपणाने.

ताईंनी नोटीस साहेबांच्या हातातून पुन्हा आपल्याकडे ओढली. नोटीस तीनदा वाचली होती ती याच ओळीसाठी. लहानपणी तिसरीच फरशी डुगडुगायची. खळीचं भांडं हातात असो की ओल्या पुठ्ठ्यांची चळत, दोघं भावंडं ती न बघता ओलांडायची. तो घर सोडून गेला त्याच्या पुढच्या वर्षी ताईंनी ती पक्की करून घेतली आणि स्वतः विसरूनही गेल्या. तो विसरला नव्हता. नऊ वर्षं गावभर पाट्या रंगवत हिंडला, तरी त्याचा पाय अजून याच घरात होता.

"एकच विचारतो," वकीलसाहेब म्हणाले. "तो येईल याची तुम्हाला कल्पना होती? नाही म्हणा, की सुटलात."

ताईंना ते 'नाही' तोंडातून काढवेना. काढलं असतं तर नऊ वर्षांपूर्वीचं ते वाक्य या वेळी सहीशिक्क्यानिशी त्याच्या घरी पोचलं असतं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "कल्पना होती. रोज होती. मागच्या दाराची कडी मी नऊ वर्षांत दिवसाउजेडी लावलेली नाही. तिसरी पायरी दुरुस्त केली, ते त्याला कळवायला हवं होतं. तो ती ओलांडणार, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार होतं?"

"ताई, अशाने आपण हरतो."

"मग हरू."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा एका झटक्यात नाकावर आणला आणि लिहायला घेतलं.

उत्तर गेलं. गवंडी येऊन चौथी पायरी पक्की करून गेला. ताईंनी पुढचं मशीन बंद ठेवून पुस्तकांचे फर्मे शिवायला मागच्या खोलीत बसायला सुरुवात केली. कुणीही आलं की पावलं मोजायची त्यांना खोडच लागली. एक, दोन, तीन, चार, पाच: कागदवाला. एक, दोन, तीन, चार, पाच: शेजारीण. प्रत्येक वेळी तिसरीचा आवाज आला की त्या पुन्हा सुईत डोकं घालायच्या.

एका दुपारी एक, दोन झालं आणि तिसरी वाजलीच नाही. चौथीवर पाऊल पडलं, थबकलं, जपून टेकलं. ताईंची सुई फर्म्यातच राहिली. 

"तिसरी दुरुस्त केलीय रे," त्या दाराकडे न बघताच म्हणाल्या.

"वाचलं," बाहेरून आवाज आला. "पण पाय ऐकत नाही, ताई."