सावलीला दाराबाहेर ठेवलं

अकरावीतल्या मुलींनी एक दिवस एखाद्या बाई मॅनेजरची सावली व्हायचं, ही आमच्या शाळेची पद्धत. ती जाईल तिथे मागे जायचं, डोळे उघडे ठेवायचे, तोंड बंद ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभं राहून काय शिकलो ते सांगायचं. तोंड बंद ठेवणं सिनाझोला जमणार नाही, असं आमच्या वर्गशिक्षिका न्जोबेबाईंचं माझ्याबद्दल ठाम मत होतं. तरी त्यांनी मला नदीकाठच्या संत्र्यांच्या पॅकिंग हाऊसमध्ये धाडलं, कारण तिथली मॅनेजर झोलेका आमच्याच वस्तीतली सून होती.

मला खरं तर तिची खुर्ची बघायची होती. माझी आई त्याच शेडमध्ये पट्ट्यासमोर उभी राहून संत्री निवडते, आणि संध्याकाळी तिचे पाय असे सुजतात की बूट काढायला मला बसावं लागतं. बाईमाणसाला बसायला खुर्ची मिळाली की ती सुटली, असा माझा हिशेब होता.

पोचले तर शेडमध्ये काम थांबलेलं. संत्र्यांचा भला मोठा लाकडी खोका फुटून पडला होता आणि फळं नाल्यापर्यंत घरंगळली होती. फोर्कलिफ्टवाले ताता गात्येनी, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना ताताच म्हणतात, गाडी मागे घेत होते, मागे नोम्हले नावाची पोरगी वाकलेली होती, ती त्यांना दिसलीच नाही. कोणीतरी तिला खेचलं म्हणून पाय वाचला. म्हाताऱ्याची नजर गेली आहे हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते गाडी सवयीने चालवत होते, आणि लोक सवयीने बाजूला होत होते.

आता हे ताता गात्येनी कोण, तर झोलेकाच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. तिच्या नवऱ्याला बापामागे त्यांनीच वाढवलं, तिच्या लग्नात वधूमूल्य म्हणून तिच्या माहेरच्यांकडे गाई गेल्या त्या त्यांच्याच गोठ्यातल्या. सून घरात आली की थोरल्यांनी तिचं नवं नाव ठेवायचं असतं, तेही त्यांनीच ठेवलं. नोखाया, म्हणजे घराची. अशा माणसाचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, त्याच्याकडे नजर वर करून बघायचं नाही, त्याच्यादेखत खुर्चीवर बसायचं नाही. आणि ही बाई त्यांची मॅनेजर.

ऑफिसात शिरले तेव्हा खुर्ची पाहिली. काळी, चाकांची, उंच पाठीची. तिच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. ऑफिसची अख्खी एक भिंत काचेची, आणि काचेपलीकडून दिवसभर ताता गात्येनींची गाडी ये-जा करायची. मग टेबलाशी उभी असलेली झोलेका बसणार कधी? मालकांनी ती काच मॅनेजरला सगळं दिसावं म्हणून बसवली होती. मॅनेजर सगळ्यांना दिसते, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझ्या आईसारखेच हिचेही पाय सुजले होते. मला एकदम राग आला, कोणाचा ते कळलं नाही.

मालक आले, टोपी न काढता दारातच उभे राहिले. म्हणाले, तुमच्या घरातला मामला आहे, तुम्हीच मिटवा, पण दुपारच्या जेवणाआधी त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घ्या, नाहीतर मी दुसरी मॅनेजर बघतो. अगदी गोड बोलून गेले. मग नवऱ्याचा फोन आला. बातमी पोचली होती. झोलेकाने फोन कानापासून लांब धरला, तरी मला ऐकू येत होतं.

"बाबांची किल्ली घेतलीस तर संध्याकाळी कोणत्या तोंडाने घरात येशील?"

तिने फोन ठेवला, डोक्यावरची पांढरी जाळी नीट केली आणि चालू लागली. मी मागोमाग. पट्ट्यापाशी बायका आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजत होत्या. कुणी म्हणाली, आता बघू, घरच्या माणसाला कायदा लागतो का. माझी आई खाली मान घालून संत्री फिरवत राहिली.

झोलेका थेट कोल्ड स्टोरेजमध्ये गेली आणि मला आत घेऊन दार लोटलं. छतापर्यंत खोके रचलेले, आमच्या तोंडातून वाफ निघत होती. ती एका खोक्यावर बसली. सकाळपासून पहिल्यांदा बसली.

"सगळ्यांना वाटतं मी मीटिंगला असते," ती म्हणाली. "इथं काच नाही ना."

तोंड बंद ठेवायचं होतं, पण मी विचारलंच, "किल्ली नाही घेतली तर?"

"तर एक दिवस कोणाचीतरी पोर त्या गाडीखाली जाईल. तुझी आई उद्या मागं वळून बघायला विसरली तर?"

"आणि घेतली तर?"

तिने हात बगलेत धरले. "लग्न झालं तेव्हा माझे आईवडील दोघंही गेलेले होते. मला घर म्हणून तेवढंच आहे, पोरी."

 थंडीने माझे दात वाजायला लागले तेव्हा ती माझ्याकडे बघून उठली.

ताता गात्येनी जेवणाआधी गाडी पुसत होते. तेही प्रेमाने, गाय धुवावी तसे. झोलेका त्यांच्यासमोर गेली, बूट काढून बाजूला ठेवले, जाळीवर रुमाल बांधला आणि सिमेंटवर गुडघे टेकले. शेडमधला पट्टा चालू होता, पण एकाही बाईचा हात चालत नव्हता. तिने नजर जमिनीवर ठेवून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"बाबा, गाडीची किल्ली द्या. तुमची नजर राहिली नाही. गेटवर सावलीत बसायचं काम आहे, पगार तोच."

म्हाताऱ्याने तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"हे मॅनेजर बोलतेय का माझी सून?"

"मॅनेजर उभी राहून बोलते, बाबा. मी खाली आहे."

त्यांनी किल्ली काढली. ओंजळ कुठे आहे ते त्यांना नीट दिसेना, म्हणून तिनेच हात सरकवून किल्लीखाली नेले. 

"किल्ली घेतलीस," ते म्हणाले. "मग मी दिलेलं नाव इथंच ठेव. आमच्या अंगणात तुला नोखाया म्हणून आता कोणी हाक मारणार नाही."

आवाज चढला नव्हता. ते गाडीला हात लावत लावत सरकले आणि भिंतीच्या आधाराने बाहेर गेले. गेटकडे नाही, रस्त्याकडे.

झोलेका उठली, बूट हातातच घेऊन निघाली. पट्ट्यापाशी लगेच तोंडं सुटली. एक म्हणाली, कसली मॅनेजर, सगळ्यांदेखत गुडघे टेकले. दुसरी म्हणाली, सासऱ्यालाही सोडलं नाही हिने, हृदय आहे का धोंडा. दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि एकमेकींना माना डोलावत होत्या. नोम्हले तेवढी रडत होती. मला त्या दोघींच्या डोक्यात खोका घालावासा वाटला.

ती पुन्हा कोल्ड स्टोरेजकडे वळली. मी आत शिरणार तोच तिने हात आडवा धरला.

"सावली इथवरच," ती म्हणाली आणि दार आतून लोटून घेतलं.

उद्या वर्गासमोर काय सांगायचं ते मला सुचेना. खुर्चीबद्दल सांगितलं तर पोरी हसतील. एवढ्यात सुपरवायझर लुथांडो पळत आला. मालक फोनवर वाट बघत होते, त्यांना किल्लीचं काय झालं ते हवं होतं, आणि तिच्या नवऱ्याची गाडी गेटमधून आत शिरली होती.

"मॅडम कुठं आहेत?"

मी दाराला पाठ लावली.

"मीटिंगमध्ये आहेत."

"कोणाबरोबर?"

"ते सांगायचं नाही म्हणाल्यात. दोघांनाही थांबायला सांगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि परत गेला. दाराचा गारठा शर्टातून पाठीत शिरत होता, पण मी तिथून हलले नाही.