बस वेळेवर आहे

तनुजानं ‘बस रद्द झाल्याची सूचना’ असं लिहिलेलं कार्ड स्क्रीनवर उचललं आणि यादीच्या तळाशी नेऊन सोडलं. पुढच्या दोन आठवड्यांत कोणती कामं घ्यायची ते ठरवायला चिंचवडच्या ऑफिसात टीम जमली होती. कारखान्यांच्या कामगारांना आपली बस कुठवर आली ते दाखवणारं ॲप ही टीम बनवत होती, आणि कामांचा क्रम तनुजा लावत असे.

“मॅडम, हे परत खाली?” कोड लिहिणारा ऋतिक म्हणाला. “बस रद्द झाली तरी आपलं ॲप ‘वेळेवर’च दाखवतं.”

“रोज कुठे रद्द होते? गुरुवारी कंपनीचे साहेब येतायत. त्यांना रंगीत आलेख बघायचेत. ते आधी.”

“मागच्या वेळीही आपण...”

“बॅकलॉगच्या यादीत आहे ना? मग झालं.”

आजचं मरण उद्यावर ढकलायला ऑफिसांनी हा फार सभ्य शब्द शोधून काढला आहे. ऋतिकनं पुढचं कार्ड उघडलं आणि चहा आला.

गुरुवारी साहेब आलेखांवर बेहद्द खूश झाले. संध्याकाळी तनुजा पेढ्यांचा पुडा घेऊन चाकणजवळच्या घरी पोचली, तर ओट्यावर तिची नणंद रोहिणी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. सासूबाई, कुशाबाई, त्यात मीठ टाकत होत्या. रोहिणी सुट्या भागांच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला जायची.

“काय झालं गं?”

“शिफ्ट सुटल्यावर बस आलीच न्हाई, वहिनी. टमटम आली हुती, बाया चढतच हुत्या. मीच उतरवलं. म्हणलं, आमच्या वहिनीचं ॲप हाय, वेळेवर म्हणतंय म्हंजी येणारच. समद्या माझ्याच फोनकडं बघत थांबल्या.”

“मग?”

“मग काय, उन्हाचं चालत आलो. आमच्यातल्या सावित्रीचं पोर पाळणाघराच्या पायरीवर रडत बसलेलं. लई बोलली मला.”

तनुजानं पुडा पदराआड घेतला. तिला लाज वाटली, मान वर करवेना इतकी. ते काम मीच मागं टाकलं, एवढंच म्हणायचं होतं.

“पण तुमचं नाव न्हाई येऊ दिलं मी,” रोहिणी हळूच म्हणाली. “म्हणलं, माझाच फोन जुना हाय, त्यानंच चुकीचं दावलं. तसंच आसंल ना?”

तिनं फोन पुढे केला. तनुजानं तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, तडा गेलेल्या काचेवरून उगीच बोट फिरवलं. कुशाबाईही तिच्याकडे बघत होत्या.

“हो,” ती म्हणाली. “फोनचंच असणार.”

रोहिणीचा चेहरा खुलला.

“बघ आई, म्हणलं न्हवतं? आता बोनसच्या पैशाचं शिलाई मशीन ऱ्हाऊ दे मागं. आधी फोन घ्यायचा.”