मुकी पट्टी

ताईंच्या वडिलांनी जन्मभर साबण विकला आणि जाताना एवढं मागे ठेवलं, की ताईंना हात मळवण्याची गरजच उरली नाही. कारखाना थोरल्या भावाने सांभाळला. ताईंनी काय सांभाळलं असं कुणी विचारलं, की दादा छताकडे बघत.

"बाबांनी लोकांचा मळ काढला," ते म्हणत, "आणि ही सगळा गाळ उचलून घरात आणते."

गाळ म्हणजे जॅझ वाजवणारी मंडळी. रोज दुपारी तीन वाजता ती ताईंच्या दिवाणखान्यात जमत आणि शेजारी खिडक्या लावून घेत.

हे सगळं एका दाढेमुळे झालं. दातांच्या डॉक्टरकडे तासभर अवकाश होता म्हणून एकेचाळीस वर्षांच्या ताई समोरच्या तळघरातल्या कॉफीच्या दुकानात शिरल्या. तिथे कोपऱ्यात मास्तर पियानो वाजवत होते. ताई बाहेर आल्या तेव्हा डॉक्टर दवाखाना बंद करून गेले होते. दाढ पुढे काढावीच लागली. ताई म्हणत, स्वस्तात सुटले.

काही वर्षांनी ते दुकान बंद पडलं, तेव्हा ताईंनी पियानो घरी आणवला. त्याच्यामागे मास्तरही आले, जणू ते स्टुलालाच चिकटलेले होते. वरच्या मजल्यावरची खोली त्यांची झाली. लोकांना जे बोलायचं होतं ते लोकांनी महिनाभर बोलून घेतलं, मग कंटाळले. दोघांमधलं 'अहो' कधी सुटलं नाही, आता याच्यावर माणूस किती बोलणार?

वाजवणाऱ्यांचा एक स्वभाव ताईंनी लवकर ओळखला होता. ही माणसं मरतील पण मागणार नाहीत. सॅक्सोफोनवाला वर्षभर दुखरा दात घेऊन फुंकत राहिला. ढोलवाला, ज्याला सगळे गडगड्या म्हणत, चष्म्याअभावी दोनदा शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर ठेका धरून बसला. म्हणून ताईंनी नियम केला होता: मागायच्या आधी द्यायचं, आणि विचारायचं तर मुळीच नाही. विचारलं की ते नको म्हणतात.

या नियमानेच घात केला.

पियानोच्या मधोमध एक पट्टी मुकी होती. दाबली की सूर नाही, नुसतं 'टक्'. जीभ टाळूला लावून सोडावी तसा लाकडाचा आवाज. मास्तरांचा हात धावत यायचा, तिथे एवढासा अडखळायचा, आणि भलत्याच वाटेने पुढे निघायचा. वर्तमानपत्रातल्या एका जाणकाराने या अडखळण्यावर अडीच रकाने लिहिले होते. मास्तरांनी ते कात्रण जपून ठेवलं. त्यांच्या खोलीची खिडकी वाऱ्याने वाजायची, तिच्या फटीत ते नेमकं बसलं.

ताईंना मात्र वाटायचं, अकरा वर्षं बिचारे भिडेखातर बोलत नाहीत.

मग मास्तरांची छाती बिघडली. पाच आठवडे इस्पितळात काढावे लागले. डॉक्टरांनी ताईंना व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "घरी न्या. हिवाळा निघाला तर निघाला." ताईंनी मान हलवली आणि थेट पियानो दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेल्या. मास्तरांचं वाजवणं आता मोजक्याच दुपारी ऐकायला मिळणार होतं. त्यांतली एकही दुपार त्यांना मोडक्या पियानोवर घालवायची नव्हती.

कारागीर म्हातारा, कानात केस वाढलेला, पण त्यातूनही सगळं ऐकणारा होता. त्याने चार दिवस पियानोची आतडी बाहेर काढून सतरंजीवर मांडली.

"वाजवतं कोण?" त्याने विचारलं.

"मास्तर."

"त्यांना विचारलंत?"

"ते नको म्हणतील."

"मग?"

"मग काय? तुम्ही करा."

मास्तर घरी आले त्या दिवशी सगळे जमले होते. जिना चढण्याआधीच ते पियानोपाशी बसले. हात धावत आला, नेहमीच्या जागी पडला, आणि तिथून गोल, स्वच्छ, भरघोस सूर निघाला. मास्तरांनी हात असा उचलला, जसं काही पट्टीखाली कुणाचं बोट सापडलं होतं.

पुन्हा दाबली. पुन्हा तोच सूर.

"छान झालंय," ते म्हणाले. "ताई, फार खर्चात पडलात."

मग त्यांनी एक चाल वाजवली. सगळं जागच्या जागी होतं. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुणे जेवत असताना वाजवतात, तसं. सॅक्सोफोनवाला बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

आठवडाभर असं चाललं. मग मास्तर म्हणाले, बोटं दुखतात. मग म्हणाले, जिना उतरवत नाही. दुपारी तीन वाजता मंडळी त्यांच्याशिवाय वाजवू लागली. ताई वर डॉक्टर पाठवत राहिल्या आणि डॉक्टर बोटं तपासून, त्यांना काही झालेलं नाही, असं सांगत राहिले.

शेवटी गडगड्याने तोंड उघडलं. काठ्या पिशवीत भरता भरता तो म्हणाला, "ताई, रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावेन. सांग."

"ती पट्टी मुकी होती ना, ती त्यांची होती. त्या तळघरात ते विशीपासून वाजवायचे, तेव्हापासून ती तशीच. तिला चुकवायला म्हणून ज्या वाटा शोधल्या, त्याच त्यांचं वाजवणं. आता रस्ता सरळ झालाय. सरळ रस्त्यावर काय, कुणीही चालतं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

ताई रागावल्या नाहीत. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं माणूस हसत सांगतो, ते भलतं दुसऱ्याच्या घरात झालेलं असलं तर.

दुसऱ्या दिवशी कारागिराला पुन्हा बोलावणं गेलं.

"मोडून द्या," ताई म्हणाल्या.

"बाई, चाळीस वर्षं दुरुस्त करतोय. मोडायचं काम पोरं करतात, फुकट."

"जुना तुकडा असेल ना तुमच्याकडे? तोच घाला."

"तो बंबात गेला."

तरी त्याला ताईंचा चेहरा बघवला नाही. त्याने तारेवर पडणारी नवी हातोडी सैल केली, खाली बनातीचा जाड तुकडा घातला, दाबून पाहिलं, पुन्हा काढून घातला. दुपार गेली. सूर बंद झाला.

ताईंनी आणि गडगड्याने मास्तरांना दोन्हीकडून धरून जिना उतरवला. मास्तरांनी ती एकच पट्टी दाबली. सूर नाही. 'टक्' पण नाही. त्यांनी कान जवळ नेला, हळूच दाबली, जोरात दाबली. मग हसले.

"ताई, ही मुकी नाही. हिला गप्प बसवलंय. तिला बोलता येतं, हे मला आता कळलंय ना."

"माझं चुकलं, मास्तर."

"कशाचं चुकलं? अकरा वर्षं ऐकलंत. लोक अकरा मिनिटं ऐकत नाहीत." ते उठू लागले. "चला, वर जाऊ. जिना चढायचाय, आत्तापासून निघायला हवं."

यावर गडगड्या हसला, आणि मग नाक पुसत खिडकीपाशी गेला.

हिवाळा निम्मा झाला तेव्हा मास्तरांचं बोलणं कमी झालं. दादा एकदा येऊन गेले, दारातच उभे राहिले, जाताना हळूच म्हणाले, "काही लागलं तर सांग गं." ताईंना त्यांचं हे वाक्य नवीन होतं.

दुपारी तीनला खाली कुणी वाजवेना. मंडळी येत, चहा घेत, वर डोकावून जात.

अशाच एका दुपारी ताई उशाशी बसल्या होत्या. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. दोन्ही हात रजईवर होते आणि बोटं चालत होती. आधी ताईंना ते तापातलं थरथरणं वाटलं. मग त्यांनी नीट पाहिलं. उजवा हात धावत आला, एका जागी अडखळला आणि भलत्याच वाटेने पुढे गेला.

दारात गडगड्या आला. "ताई, डॉक्टर आलेत. वर पाठवू?"

"थांबायला सांग. वाजवतायत."

गडगड्याने पलंगाकडे पाहिलं, आणि पाय न वाजवता जिना उतरून गेला.

आवाज कसलाच नव्हता. चाल जुनी होती की आत्ता सुचलेली, विलंबित होती की भरधाव, ताईंना काहीच कळत नव्हतं. मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं, "ऐकू येतंय?"

"येतंय की," ताई म्हणाल्या. बोटं अडू नयेत म्हणून त्यांनी रजईची सुरकुती ताणून धरली, आणि हात अवघडला तरी सोडली नाही.