मोजणी, घासणी आणि सूनबाई

भिंगकाकांचा कारखाना म्हणजे एक खोली. कारखाना हा शब्द त्यांचा एकट्याचा. बाकी सगळे तिला खोलीच म्हणत. चष्म्याच्या दुकानांतून तिथे फ्रेमा यायच्या, सोबत गोल कोऱ्या काचा यायच्या, आणि काका त्या काचा फ्रेमच्या मापात घासून बसवून द्यायचे. त्यासाठी दोन यंत्रं होती. एक फ्रेमच्या आतल्या कडेवरून सुई फिरवून तिचा आकार मोजायचं, दुसरं पाण्याच्या धारेखाली काच घासायचं. काकांनी त्यांची नावं मोजणी आणि घासणी अशी ठेवली होती. दोघी अबोला धरलेल्या जावांसारख्या. एकमेकींशी थेट बोलत नसत. मध्ये एक जुना कॉम्प्युटर बसून हिचा निरोप तिला पोचवायचा. बावीस वर्षं त्याने इमानेइतबारे हे काम केलं आणि गेल्या सोमवारी सकाळी राम म्हटला.

दोन्ही यंत्रं ठणठणीत होती, हीच खरी पंचाईत. नव्या कॉम्प्युटरवर ती जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चढेना, आणि यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की आजोबा, आता त्यांना आराम द्या. काकांनी जेवताना जाहीर करून टाकलं: शनिवारपर्यंत काम सुरू झालं तर झालं, नाहीतर कारखाना बंद, आणि मी घरी बसतो. ते घरी बसणार या कल्पनेनेच काकूंच्या, म्हणजे सुनेच्या सासूबाईंच्या, घशात घास अडकला. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

सून कापडाच्या गिरणीत यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायची. सासऱ्यांना तिने एकदाच रिकामं बसलेलं पाहिलं होतं, पाय मोडला होता तेव्हा. सहा आठवडे ते खिडकीत बसून समोरच्या घराच्या विटा मोजत होते, आणि एक वीट कमी भरली की चिडत होते. तो माणूस तिला पुन्हा बघायचा नव्हता. तिने मंगळवारपासून रजा टाकली.

जुन्या डिस्कमधून तिने निरोप पोचवणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, बाहेर काढल्या. त्या काकांनीच यंत्रांची पुस्तकं वाचून, एका बोटाने टाइप केल्या होत्या. मधूनमधून शेरे होते: "इथे अर्धा सेकंद थांबणे, घासणीला घाई आवडत नाही." तिला हसू आलं, पण शेरे सगळे खरे निघाले. नव्या कॉम्प्युटरवर तिने गिरणीत वापरायची ती दुसरीच सिस्टीम टाकली. तिथे सगळ्याच तऱ्हा निराळ्या. यंत्राची तार जिथे लागते त्या सिरीयल पोर्टचं नाव वेगळं, शिवाय साध्या माणसाने पोर्टला हात लावायचा तर आधी परवानगी काढावी लागे. नऊ पिनांची केबल लावायला जागाच नव्हती, म्हणून मध्ये एक जोडणी घालावी लागली. ती चुकून उपटली की पोर्टचा नंबर बदलून बसे. काका टेबलाखाली गुडघ्यांवर बसून टॉर्च धरत, आणि दर तासाला चहा आणून ठेवत. काम चालत नसलं की ते विनोद सांगत, आणि ते विनोद चहाइतकेच पातळ असत.

गुरुवारी संध्याकाळी मोजणी बोलली आणि घासणीने ऐकलं. सुनेने घरातले सगळे चष्मे मागवले. काकांचा, सासूबाईंचा, नवऱ्याचा, स्वतःचा. प्रत्येक फ्रेमची काच घासून पाहिली, प्रत्येक काच चपखल बसली. त्या रात्री सगळे पोटभर जेवले आणि काकांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

शनिवारी सकाळी एका दुकानदाराने एक काम पाठवलं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा वाचायचा चष्मा, नाकाच्या शेंड्यावर बसणारा, उंचीला अगदी बुटका. पाचपर्यंत हवा होता. दुकानदाराने चिठ्ठीत गोड शब्दांत कळवलं होतं की हे वेळेत झालं नाही, तर पुढची सगळी कामं नव्या यंत्रवाल्याकडे जातील.

उजवी काच घासणीतून बाहेर आली आणि सुनेने ती पुसून पाहिली. काचेला वर दोन आणि खाली दोन असे चार खड्डे पडले होते, उंदराने कुरतडल्यासारखे. चार चष्मे बिनचूक झाले होते, मग हाच का? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरची काच होती, आणि दुपारचे बारा वाजले होते.

काकांनी मापं घ्यायचं कॅलिपर काढलं आणि काचेच्या मध्यावरच्या शाईच्या ठिपक्यापासून कडेपर्यंतचं अंतर जागोजागी मोजून पुठ्ठ्यावर लिहीत गेले. मग फ्रेमही तशीच मोजली. अर्ध्या तासाने त्यांनी पुठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

"पंधरा मिलिमीटर बरोबर. चौदा बरोबर. बारासुद्धा बरोबर. पण फ्रेममध्ये तेरा आहे तिथे काचेत दहा. चारही जागी. मोजणी माझ्याशी बावीस वर्षांत खोटं बोलली नाही, सूनबाई. मधल्याला विचार."

सुनेने कपाळावर हात मारला. मोजणी मापं नुसत्या आकड्यांनी पाठवायची, आणि कॉम्प्युटरच्या लेखी तेरा हा एंटरच्या बटणाचा आकडा. नव्या सिस्टीमला वाटत होतं की तारेवरून येणारं सगळं कोणीतरी माणूस बसून टाइप करतो आहे. म्हणून तेरा आला की ती आपल्या पद्धतीचा एंटर, म्हणजे दहा, करून टाकत होती. जसं येईल तसं घे, असं तिला बजावावं लागतं. सुनेने घासणीच्या पोर्टला ते बजावलं होतं आणि मोजणीच्या पोर्टला विसरली होती. घरच्या चष्म्यांत हे कळणार कसं? या घरात सगळ्यांचीच तोंडं मोठी, चष्मेही परातीएवढे. कुणाच्याच फ्रेममध्ये मध्यापासून कडेचं अंतर तेरापर्यंत उतरत नव्हतं. सुनेचंही तोंड काही लहान नव्हतं. म्हणून तर आपलं जमलं, असं नवरा म्हणायचा.

"निरोप्याने निरोपात आपली अक्कल घालायची नसते," काका म्हणाले आणि उठून कपाटाकडे गेले.

तिने ती एक ओळ घातली. आधी एका टाकाऊ काचेवर घासून पाहिलं, काकांनी कॅलिपर लावलं, तेराला तेरा. त्या नंबरची कोरी काच कपाटात एकच निघाली. ती सुनेने बसवली, झाकण काकांनी लावलं. पाणी सुरू झालं, पांढरा गाळ वाहू लागला. काच फ्रेममध्ये टक्कन बसली. डावीही बसली.

साडेचारला दुकानदार आला. त्याने चष्मा उजेडात धरला, उलटा केला, नखाने कड तपासली, आणि खोड काढायला काही सापडेना तेव्हा म्हणाला की सोमवारी सात फ्रेमा पाठवतो. सासूबाईंना फोन गेला. सुनेला वाटलं, आता इथेच जमिनीवर आडवं व्हावं.

तेवढ्यात दारात हातगाडी थांबली. भंगारवाला आत डोकावला आणि मोजणी-घासणीकडे बोट दाखवून म्हणाला, "हीच दोन ना? बुधवारी सांगितलं होतंत, शनिवारी संध्याकाळी न्यायची म्हणून."

काकांनी घाईघाईने कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर त्याच्या हातात दिला आणि तेवढाच घेऊन जायला सांगितलं. हातगाडी खडखडत निघून गेली. सून जागची हलली नव्हती. बुधवार म्हणजे तिच्या कामाचा दुसरा दिवस. तिला ते फार लागलं.

"बाबा, बुधवारीच तुम्ही आशा सोडली होती? मग इतके दिवस माझ्याबरोबर टेबलाखाली कशाला बसलात?"

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

"मला वाटत होतं, हे काही व्हायचं नाही," ते म्हणाले. "म्हटलं, हरायचंच आहे तर पोरीने एकटीने का हरावं."

सुनेने पदराआड डोळे पुसले. मग तिने काकांच्या हातातून चष्मा घेतला आणि नीट पुसून दिला, कारण ते कधीचे एकच काच पुसत बसले होते.